बिनदारांचा फेरा

रसेलनं सायकल छातीपर्यंत उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. झालं एवढंच. गॅरेजच्या भिंतीत त्याच्या डोक्याहून वीतभर उंच एक लोखंडी आकडा आहे. बाहेरून आला की पुढचं चाक त्या आकड्यात अडकवून सायकल उभी टांगायची, ही त्याची इतक्या वर्षांची सवय, की ते करताना तो चालू बोलणंही थांबवत नसे. आज तो थांबला. त्याची बायको लॉर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीशी कलिंगड कापत होती. दुसऱ्याचं तान्हं मूल अचानक हातात आलं की माणूस जसा अवघडतो, तसा तो सायकल छातीशी धरून जरा वेळ उभा राहिला. मग त्यानं ती हळूच जमिनीला टेकवली आणि इकडेतिकडे पाहिलं. आधी शेजाऱ्यांच्या दाराकडे, मग रस्त्याकडे. त्याची नजर खिडकीपर्यंत पोचायच्या आत ती मागे सरली. पुन्हा पाहिलं तेव्हा तो एका गुडघ्यावर बसून पायडल फिरवत होता, कान लावून, जणू पायडल कुरकुरतंय म्हणूनच सायकल खाली घ्यावी लागली होती. पायडलला काही झालेलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्यानं ते नवं बसवलं होतं. सायकल उचलता आली नाही, याचं लॉर्नाला फारसं वाटलं नाही. सासष्टाव्या वर्षी, छातीतल्या शिरेत तारेची जाळी बसवलेल्या माणसाला एखाद्या संध्याकाळी सायकल जड होणारच. तिला खुपलं ते पायडल. कुणी बघत नसताना माणूस नाटक कुणासाठी करतो, हा प्रश्न तिच्या हातातल्या सुरीसारखा मधेच थांबून राहिला, आणि कलिंगडाचं पाणी ओट्यावरून खाली टपटपू लागलं तेव्हा तिनं फडकं घेतलं.

जेवताना तो म्हणाला, या वर्षी सायकलचा मोठा फेरा नकाशावर काढून दे. घेवडा आणि मक्याच्या पोळ्या होत्या. त्यानं एका पोळीची गुंडाळी करून तिचं टोक बशीतल्या मिरचीच्या रश्श्यात बुडवलं आणि असं सांगितलं की सगळ्यात मोठा पाहिजे, दक्षिणेकडच्या कड्यापासून उत्तरेच्या काळ्या दगडांपर्यंत आणि तिकडून वळून परत. एकदा आलेला रस्ता पुन्हा नको. आणि सोपा करायचा नाही. केलास तर मला कळेल. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिनं विचारलं. त्यावर तो हसला. छातीच्या त्या प्रकारावर त्याचा एक ठरलेला विनोद होता, आणि लॉर्नानं शहराच्या पाणीखात्यात नळांचे नकाशे काढण्यात जन्म घालवला असल्यामुळे तो तिच्याच वाट्याला जास्त यायचा. "तुझ्याच खात्याची माणसं येऊन गेली ना आत," तो म्हणाला, "नळ साफ झाला. आता पाणी सोडायचं."

फिनिक्स शहराची जूनमध्ये भट्टी होते. ज्याला जमेल तो वर, कड्यापलीकडच्या पाइनच्या रानात पळतो. बाकीचे तिथे मासे धरतात, मांस भाजतात, झाडांना झोळ्या बांधून पडतात. रसेल आणि त्याची मंडळी तिथे एकेकटी स्वतःचे हाल करून घ्यायला जात. लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटा, दगडधोंडे, टायर गिळणारी भुकटीसारखी माती, आणि मैलोगणती तेच ते तांबूस बुंधे, ज्यांना उन्हात गरम झाल्यावर गोड, भाजलेल्या साखरेसारखा वास येतो. त्यातून दिवसचे दिवस चाक रेटत जिथून निघालो तिथेच परत यायचं. त्याचं नाव फेरा. फेऱ्याला एकच कायदा होता आणि तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच तो मोडणं अवघड होतं. एकदा सायकलवर बसलं की कुणाची मदत घ्यायची नाही. वाटेतल्या दुकानातलं पाणी चालेल, कारण ते कुणालाही मिळतं. गुरांसाठी बांधलेल्या तळ्यातलं हिरवं पाणी गाळून प्यायलं तरी चालेल. बायकोनं आणलेलं पाणी चालणार नाही, कारण ते एकालाच मिळतं.

हा कायदा लॉर्नाला जसा कळला, तसा तो कुणाला कळू नये. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. फेरा तिनंच आखलेला, पहिलाच. वनखात्याच्या कागदी नकाशावर वाटेच्या रेघेवरून शिवणाचा दोरा वळवत नेला, मग तो सरळ करून पट्टीवर मोजला, आणि एवढे मैल म्हणजे शनिवारी दुपारी हा अमुक फाट्यावर पोचणार, असा हिशेब बांधला. तो हिशेब बरोबर आला याचा आनंदच आधी झाला तिला. निळा झगा घालून ती फाट्यावर उभी होती आणि गाडीच्या टपावर बर्फ घातलेल्या लिंबूपाण्याचं भांडं होतं, बाहेरून घामेजलेलं. तो वळणावरून आला. ओठ फुटलेले, भुवयांवर सुद्धा माती. त्यानं तिला पाहिलं, भांड्याला पाहिलं, हँडलच्या मुठीवरची दोन बोटं उचलली, आणि तसाच पुढे निघून गेला. धुरळा खाली बसायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ती पेला पुढे केलेल्या हातासकट उभी होती; हात मागे घ्यायचं तिला सुचलं नाही. रात्री घरी त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी न रागावता, लहान पोराला बेरीज शिकवावी तसं. एक घोट घेतला असता तरी सगळा फेरा बाद झाला असता, लॉर्ना. तुझ्यावरचा राग नाही गं तो. ती म्हणाली, कळलं. आणि खरंच कळलं होतं. कळण्यानं काही कमी होत नाही, हेही त्याच रात्री कळलं.

पुढच्या वर्षीपासून ती फाट्यावर उभी राहिली नाही. ती गाडी जुनिपरच्या दाट झुडपांआड लावायची, रस्त्यापासून दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर, आणि इंजिन बंद करून काचा खाली करून बसून राहायची. घरी सांगायची की बहिणीकडे जाते. मदत करायला नव्हे. मदतीला तिनं हातही लावला नाही कधी. मागच्या सीटवर पाणी असायचं, जखमेचं सामान असायचं, घोंगडी असायची, आणि ते सगळं तसंच्या तसं परत यायचं. तिला फक्त तो जिवंत जाताना बघायचा असे. निदान सुरुवातीला एवढंच होतं. मग केव्हा तरी ते दुसरंच काही झालं. कारण त्या झुडपांआडून तिला जो रसेल दिसायचा तो घरात कधी येतच नसे. घरातला रसेल शाळेतल्या व्यायामशिक्षकाचा आवाज काढून बोलायचा, सगळं ठाऊक असलेला, खांदे मागे टाकलेला. इथे तो सायकलवरून उतरायचा, बूट काढायचा, पाय तळ्याच्या चिखलात खुपसून बसायचा आणि काहीबाही पुटपुटायचा, सायकलशी, पायांशी, मेलेल्या भावाशी. एकदा त्यानं दगडावर बसून दोन्ही हातांत तोंड घेतलं आणि त्याचे खांदे हलत राहिले. लॉर्नानं गाडीच्या दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती, बोटं पांढरी होईपर्यंत. गेली नाही. मग तो उठला, नाक शिंकरलं, टोपी नीट केली आणि निघाला. त्या संध्याकाळी उतारानं शहराकडे येताना ती रडत होती आणि सुखात होती. नवऱ्याचा तो चेहरा कुणी पाहिलेला नाही, त्याच्या आईनंही नाही, तो आपला आहे, असं तिला वाटलं होतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी भांडण झालं, कधी आठवडा अबोल्यात गेला, की ती तो चेहरा मनात काढून बघायची. तेवढ्यावर भागत आलं.

फेरे ती आखायची, नाव त्याचं व्हायचं, याचं तिला कधी काही वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्याहून मोठं काही तिच्यापाशी होतं म्हणून तिनं ते जाऊ दिलं. तिच्या रेघेत एक गोष्ट असायची जी कुणाच्या ध्यानात यायची नाही. फेरा कितीही रानात शिरलेला वाटो, कुठूनही तासाभरात एखादा असा रस्ता लागायचाच, ज्यावर साधी मोटार येऊ शकते. या जागांना ती मनात दारं म्हणायची. दोन दारांमधलं अंतर लांबतंय असं दिसलं की ती रेघ हळूच वाकवायची. एखाद्या टेकडीला डावीऐवजी उजवीकडून वळसा. चालवणाऱ्याला वाटावं की केवढं भयाण रान, आणि भिंतीपलीकडेच अंगण. पाणीखात्यातही हेच तर करायचं असतं. नळ फुटेल हे धरूनच चालायचं आणि तो फुटला तर तोटी कुठे बंद करायची ते आधीच ठरवून ठेवायचं. निवृत्त झाल्यावर ती शनिवारी वाचनालयात मुलांना नकाशा वाचायला शिकवू लागली, आणि नकाशावरच्या डोंगराच्या उंचीच्या रेघा शिकवताना प्रत्येकाला मूठ आवळायला सांगून पेनानं उंचवट्याभोवती निळी कडी काढून द्यायची. मग म्हणायची, आता हात उघडा. मूठ उघडली की कडी सपाट हातावर वाकडीतिकडी पडतात आणि मुलं हसत सुटतात. हा कागद म्हणजे उघडलेला हात आहे, ती सांगायची, मूठ तुम्हाला मनात आवळायची आहे. एक विस्कटलेल्या वेणीची मुलगी होती, तिनं विचारलं होतं की पण मूठ कुणाची आहे ते कागदावर कळतं का. नाही, लॉर्ना म्हणाली होती, ते नाही कळत.

मे महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर फेरा पसरलेला राहिला. आता संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढायची असते, पण जुने कागद तिला हाताशी लागायचे. घडीवर फाटलेले, कॉफीचे डाग पडलेले. दक्षिणेची बाजू सहज बसली. कड्याच्या धारेनं जाणारी वाट, खाली तीन हजार फूट उन्हाचा धूर, वर वारा. पूर्वेच्या अंगाला पाणी होतं. कोणतं निळं खरं आणि कोणतं खोटं हे नकाशा सांगत नाही. नकाशावर तळं निळंच असतं, जूनमध्ये जाऊन बघावं तर भेगाळलेल्या चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे. तिनं वनखात्यात फोन केले, वरच्या गुराख्यांना विचारलं. अडलं ते उत्तरेला. तिथे काळ्या दगडांचा माळ आणि त्याला लागून पाइनचा एक पट्टा आहे, दिवसभराचा. वणवा लागल्यापासून वनखात्यानं तिथल्या साऱ्या मोटारवाटा यंत्र लावून उखडून टाकल्या होत्या, आडवे ओंडके टाकून बंद केल्या होत्या. सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाता येतं. मोटार जात नाही. मोबाइल लागत नाही. मधल्या एकुलत्या एक तळ्याचा बांध फुटलेला. तिनं तो पट्टा टाळून पश्चिमेकडून रेघ वळवली आणि एक आठवडा ती तशीच ठेवून बघितली, आणि रोज सकाळी तिला ती रेघ खोटं बोलणाऱ्या माणसासारखी दिसायची, जरा जास्तच मोकळी.

मधे एका संध्याकाळी ड्यूईच्या दुकानात मंडळी जमली. ड्यूई रसेलचा जुना सोबती. गुडघे गेल्यापासून तो नुसती सायकली दुरुस्त करतो आणि तोंड चालवतो. रसेल काउंटरला टेकून उभा होता आणि नवी पोरं त्याच्याभोवती. तो सांगत होता की आजकाल सगळ्यांच्या गळ्यात ते उपग्रहाचं यंत्र, घरी बसून बायकोला ठिपका सरकताना दिसतो, याला काय एकटं जाणं म्हणायचं? मी तीस वर्षं गेलो, कुणाच्या बापाला माझा पत्ता नसायचा. मेलो असतो तर कोल्ह्यांना आधी कळलं असतं. पोरं हसली. लॉर्ना कोपऱ्यात लहान मुलांच्या हेल्मेटच्या फडताळाशी उभी होती आणि तिला त्या वाक्यानं दुखलं नाही, उलट गुदगुल्या झाल्या. एखाद्याच्या वाढदिवसाची भेट आपण लपवून ठेवलेली असते तेव्हा होतात तशा.

"कुणाला पत्ता नसायचा म्हणे," ड्यूई चाकाची तार पिळत म्हणाला. "रेघ बायकोनं काढून द्यायची आणि हा हरवायला जायचा. लॉर्ना, या म्हाताऱ्याला एक बॅटरीवाली सायकल घेऊन दे बघू. म्हणजे तिच्या मोटरचा आवाज तरी येईल, वाटेतलं हरीण बाजूला होईल."

रसेल सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि परत येताना गाडीत रेडिओ मोठा करून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी आला, कॉफीचा पेला नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि बोटानं तिची रेघ फिरत गेला. पश्चिमेला जिथे ती वळली होती तिथे बोट थांबलं. हा उत्तरेचा पट्टा का सोडलास म्हणून त्यानं विचारलं. तिनं वाटा उखडल्याचं सांगितलं, पाणी नसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, सायकल उचलून नेईन. तिच्या डोळ्यांपुढे गॅरेज आलं, पण ते बोलायचं नव्हतं. ते बोलणं म्हणजे आपण तेव्हा खिडकीत होतो असं कबूल करणं. म्हणून ती एवढंच म्हणाली की तिथे गाडी पोचत नाही, रसेल. दिवसभर कुठूनच नाही. आणि म्हणून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो, कारण फेऱ्याच्या बोलण्यात गाडी हा शब्द या घरात कधी यायचाच नाही.

रसेलनं पेला उचलला, घोट घेतला. त्याच्या चेहऱ्यावर एक मऊ हसू आलं. तसं हसू तिनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "म्हणून तर म्हणतो, तू या खेपेला पट्टा संपतो तिथे थांब. ओंडक्यांपाशी. त्या फुटक्या तळ्यापासून तिथवर मला चार-पाच तास. अंधार पडायच्या आत नाही आलो तर ये आत चालत. तिथे सावलीही चांगली आहे, जुनिपरपेक्षा."

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं होतं. तिनं विचारलं, केव्हापासून. तो म्हणाला, अगं, पहिल्यापासून. पांढरी गाडी ती, काचेवर ऊन चमकायचं, अर्ध्या मैलावरून दिसायचं. तुला काय वाटलं, मी आंधळा आहे? हे सगळं तो प्रेमानं बोलत होता, हे सगळ्यात वाईट. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेली वस्तू आज काढून हातात द्यावी तसा.

"मग एकदा हात का नाही केलास?" ती म्हणाली.

"हात केला असता तर मदत झाली असती. मी बघितलं नाही, म्हणजे तू नव्हतीस." त्यानं पेला खाली ठेवला. "कायदा तसाच आहे, लॉर्ना. तुलाही तेच पाहिजे होतं ना?"

तो अंघोळीला गेला. पाण्याचा आवाज येऊ लागला. लॉर्ना बसून राहिली आणि एकेक फेरा तिच्या पुढून जाऊ लागला, पण आता उलट्या बाजूनं, रस्त्यावरून झुडपांकडे बघितल्यासारखा. म्हणजे ऊन चमकलं की त्याला कळायचं. मग तो उतरायचा. मग बूट काढायचा. तळ्यात पाय घालून पुटपुटायचा, आणि त्याला ठाऊक असायचं की चाळीस पावलांवर काच खाली करून कुणीतरी ऐकतंय. आणि ते दगडावर बसून तोंड झाकणं. ते खरं असेलही. रडू खरं असू शकतं आणि माणूस ते कुठे बसून रडायचं याची जागा निवडू शकतो. शंभर मैलांच्या रानात त्याला नेमका तोच दगड सापडला होता, तिच्या दारासमोरचा. ती ते सगळं खरं धरून बघायची आणि मग खोटं धरून बघायची, आणि दोन्ही वेळा चेहरा तोच दिसायचा, तसूभर फरक नाही, आणि त्यामुळेच तो आता तिचा राहिला नव्हता. तीस वर्षं तिला वाटलं आपण चोरून बघतोय. तीस वर्षं तिला दाखवलं जात होतं. आणि ते बहिणीकडे जाते म्हणून सांगणं. तो दर वेळी विचारायचा, कशी आहे तुझी बहीण? पायाचं दुखणं कमी आहे ना? आणि ती उत्तर द्यायची. किती तपशिलानं द्यायची. तिनं उठून कॉफी मोरीत ओतली, स्वतःची आणि त्याचीही.

सगळ्यात जास्त डंख कशाचा होता हे उमगायला तिला दोन दिवस लागले. तो धाडसी होता असं तिला वाटत आलं होतं आणि त्या धाडसाची काळजी घेण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पण तो तिथे जात होता कारण गाडी तिथे होती. गाडी तिथे होती कारण तो जात होता. दोघांपैकी कुणीही एकानं एखाद्या वर्षी घरी राहायचं ठरवलं असतं तर दुसऱ्यालाही राहावं लागलं असतं. एवढं सोपं होतं ते.

मग तिनं उत्तरेचा पट्टा रेघेत घेतला. रागानं घेतला की काय, याचा तिनं नीट विचार केला, कारण रागानं नकाशा काढू नये एवढं ती नोकरीत शिकली होती. त्यानं मागितलं होतं तसंच ती काढत होती, पहिल्यांदाच खरं. फेऱ्याचं सोंग नव्हे, फेरा. मग हात लागल्यावर ती बाकीचीही दारं बंद करत गेली. जिथे जिथे वर्षानुवर्षं रेघ वाकवली होती तिथे ती सरळ केली, टेकडीच्या ज्या बाजूनं वाट जायला हवी होती त्या बाजूनं नेली. रेघ अशी सुंदर झाली की तिला भीती वाटली. दक्षिणेच्या कड्यावरून उचलून, पूर्वेच्या ओढ्यांतून, काळ्या दगडांवरून, पट्ट्याच्या पोटातून, कुठेही न कचरता परत. यातून धडधाकट माणूस आला असता. रसेल आला नसता. हे तिला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असताना तिनं रेघ पुरी केली, आणि रात्री त्याच्या शेजारी पडून त्याचा श्वास ऐकत राहिली. घोरणं मधे अडकायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. अडकलं की तिचाही श्वास थांबायचा. नकाशा त्याला द्यायचाच असं ठरवलेली बाई आणि ही श्वास मोजणारी बाई एकाच अंथरुणात कशा मावतात, हे तिला कळेना.

रविवारी तिनं फेरा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चष्मा लावला. तो बराच वेळ बघत होता. नकाशा वाचायला तो कच्चा होता, पण इतक्या वर्षांत त्याच्या पायांना तिच्या रेघेची सवय झाली होती, आणि आता त्याच्या बोटाला काहीतरी वेगळं लागत असावं. ते पुढे सरकायचं, थबकायचं, मागे यायचं. पाण्याचं काय, त्यानं विचारलं. तिनं दाखवलं, इथे आहे, आणि थेट इथे. मधे नाही. त्यानं ओठ चाटले.

"आणि तू कुठे?"

"घरी."

तो हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, चिडलीस होय त्या दिवशीच्या बोलण्यावर. ती नाही म्हणाली. तो म्हणाला, गाडीत पाणी नको ठेवूस वाटलं तर, नुसती ये. ती पुन्हा म्हणाली, मी घरी असेन, रसेल. तू एकटा जा. आवाज चढला नाही तिचा. वाचनालयात मुलांना जसं सांगायची तशीच ती बोलली. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा तिला क्षणभर ओळखू आला नाही. घाबरलेला होता तो. हा तरी खरा असावा, असं तिच्या मनात आलं, आणि मग आलं की आता हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आठवडाभर तो फेऱ्याबद्दल बोलला नाही. टायर आणले, पिशव्या बांधून बघितल्या, पुन्हा सोडल्या. सायकल भिंतीला टेकलेलीच असायची. एका दुपारी ती मागच्या अंगणात वाळलेली चादर काढत होती आणि जाळीच्या दारातून त्याचा फोनवरचा आवाज आला. ड्यूईशी बोलत होता. नाही रे, तो म्हणत होता, मी तयार आहे, मला काय धाड भरलीय. लॉर्नाचं बघवत नाही. छातीचं झाल्यापासून ती हाय खाऊन बसलीय. झोपत नाही, रात्रभर माझा श्वास मोजते. रेघ तर अशी काढून दिलीय, काय सांगू, आतापर्यंतची सगळ्यात भारी. पण तिचा जीव अर्धा करून मी काय मिळवणार? पलीकडून ड्यूई काहीतरी बोलला असावा, कारण रसेल हसला आणि म्हणाला, हो ना, बायका.

चादर खांद्यावर घेऊन ती आत आली. म्हणजे आपण श्वास मोजतो हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं फोन ठेवला आणि तिच्याकडे वळला, खांदे मागे टाकून, व्यायामशिक्षकाच्या आवाजात.

"सोडला फेरा," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. तुला सहन नाही होणार."

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ती काय म्हणते यावर काहीतरी टांगलेलं होतं, आणि काय ते दोघांनाही स्वच्छ दिसत होतं. तिनं नुसतं एवढं म्हटलं असतं की माझं काही नाही, तू भीतोस म्हणून जात नाहीस, तर तो जूनच्या पहिल्या शनिवारी गेला असता. त्या रेघेवरून, त्या पट्ट्यात, आणि परत आला नसता. खरं तेवढंच होतं आणि ते तिच्या जिभेवर होतं. पुढची पंधरा-वीस वर्षं तिला दिसली. दर जूनला ड्यूईच्या दुकानात, पाहुण्यांसमोर, तिच्याच टेबलावर तो सांगेल की एक शेवटचा मोठा फेरा राहून गेला, हिच्या भीतीपायी. आणि पोरं तिच्याकडे बघतील. तो सांगायला असेल.

तिनं चादरीची दोन टोकं जुळवली आणि दुसरी दोन त्याच्या हातात दिली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मला फार भीती वाटत होती."